वाटणी झाली, तरी भाऊ जामीन

मागच्या अंकात प्राचीन इस्राएलच्या बारा वंशांवर एक पान लिहिलं होतं, याकोबाचे बारा मुलगे, त्यांच्यापासून बारा वंश, आणि यहूदी लोक आजही त्या गोष्टींतून पोरांना काय शिकवतात वगैरे. वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, पण बीड, परभणी, लातूरकडून इतके मेसेज आले की विचारू नका, आणि जवळपास सगळे जमिनीवरून, भावकीवरून. मला ते फार बरं वाटलं कारण त्या गोष्टींचा जीव तिथंच आहे. निवडक पत्रं घेतेय.

प्रश्न : ताई, बारा वंश म्हणजे आपल्या बारा बलुतेदारांसारखंच का? एकेकाला एकेक काम वाटून दिलेलं? (एक वाचक, औसा)

आकडा तेवढा जुळतो, बाकी काही जुळत नाही. बलुतेदारी ही कामाची वाटणी, सुताराने सुतारकी करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. हे बारा वंश म्हणजे भाऊ, बाप एक आणि आया चार. लेआचे सहा (रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा, इस्साखार, जबुलून), राहेलचे दोघं (योसेफ आणि बन्यामीन), शिवाय दोन दासी होत्या, त्यातल्या बिल्हाचे दान नि नफताली आणि जिल्पाचे गाद नि आशेर. दासीच्या पोटचे म्हणून त्या चौघांना बाजूला काढलं नाही. महायाजकाच्या, म्हणजे मुख्य पुजाऱ्याच्या, छातीवर पट्टा असायचा, त्यात बारा रत्नं आणि प्रत्येक रत्नावर एक नाव कोरलेलं, त्यात या चौघांचीही नावं. आपल्याकडं दुसरीच्या लेकराचं नाव सातबाऱ्यावर यायला कोर्टात किती वर्षं जातात ते तुम्ही पाहिलंच असेल, म्हणून मला ही बाब बारीक वाटत नाही.

जमिनीच्या हिशोबात लेवीला वाटा नव्हता, आणि योसेफाच्या जागी त्याची दोन पोरं एफ्राइम आणि मनश्शे धरली, म्हणून आकडा परत बारा.

पण त्या गोष्टींतून काय शिकायचं म्हणाल तर मी यहूदापासून सुरू करेन, कारण "यहूदी" हा शब्दच त्याच्या नावावरून आलाय. आणि हा यहूदा काही सुरुवातीपासून चांगला माणूस नव्हता. धाकट्या योसेफाला मारण्यापेक्षा विकून टाकू ही आयडिया त्याचीच, वीस चांदीच्या नाण्यांना भाऊ विकला आणि बापाला रक्तात बुडवलेला अंगरखा नेऊन दाखवला. पुढं बावीसेक वर्षांनी दुष्काळ पडला, सगळे भाऊ धान्यासाठी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेले, तिथला मोठा अधिकारी म्हणजे तोच योसेफ पण यांनी त्याला ओळखलं नाही, आणि सगळ्यात धाकट्या बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला सापडला. आता बन्यामीन गुलाम होणार. तेव्हा यहूदा पुढं आला, म्हणाला मी या पोराचा बापाजवळ जामीन राहिलोय, याला घरी जाऊ द्या, याच्या बदल्यात मला गुलाम करून ठेवा. भाऊ विकणारा तोच, आणि भावासाठी स्वतःला विकायला तयार झालेला पण तोच. बापाजवळ बोलताना त्याने जो जामिनाचा शब्द वापरला त्याच मूळ शब्दावरून पुढं तालमूदमध्ये, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात, एक वाक्य आलं, सगळे इस्राएल एकमेकांचे जामीन आहेत, आणि यहूदी घरात ते लहानपणापासून कानावर पडतं. सोसायटीच्या कर्जाला ज्याने कधी भावाच्या, मेव्हण्याच्या नावापुढं जामीनदार म्हणून सही केलीय त्याला या शब्दाचं वजन मी सांगायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही तिघं भाऊ. वाटण्या झाल्या, माझा वाटा गंगेच्या (गोदावरीच्या) पलीकडं आला, मी तिकडंच आखाड्यावर राहायलोय. आता आईचं दुखणं असो की विहिरीची भानगड, भाऊ म्हणायलेत तुमचं तिकडं वेगळं झालंय. तुमच्या त्या वंशांत वाटणी झाल्यावर कुणी कुणाचं देणं लागत होतं का? (एक शेतकरी, गेवराई तालुका)

दादा, तुमचं पत्र वाचलं आणि मला लगेच गाद आणि रऊबेन आठवले, त्यांचीही जमीन नदीच्या पलीकडंच होती. त्यांच्या धर्मग्रंथातल्या गणना नावाच्या पुस्तकात ३२ व्या अध्यायात ही हकिगत आहे. मिसरातून निघालेले लोक चाळीस वर्षं रानात काढून यार्देन नदीच्या पूर्वेला येऊन टेकले होते आणि मिळायचा देश पश्चिमेला, नदी ओलांडून. गाद आणि रऊबेन यांच्याकडं गुरंढोरं लई, त्यांनी पाहिलं की याजेर आणि गिलादचा भाग चराईला एक नंबर आहे, ते सगळ्यांचा पुढारी मोशे याच्याकडं गेले की आम्हाला इथंच द्या, नदी उतरायला लावू नका. मोशे भडकलाच. तुमच्या भावांनी लढाईला जायचं आणि तुम्ही इथं बसायचं का?

मग त्यांनी कबूल केलं. म्हणाले आम्ही इथं जनावरांसाठी वाडे आणि पोरांसाठी गावं बांधतो, आणि हत्यार घेऊन भावांच्या पुढं चालतो, प्रत्येकाला आपापली जमीन मिळेपर्यंत आम्ही घरी येत नाही. मोशेने होकार दिला, पण बोलताना क्रम फिरवला : पोरांसाठी गावं बांधा आणि मेंढरांसाठी वाडे. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे फार मोठे भाष्यकार होऊन गेले, ते नेमकं इथं बोट ठेवतात, म्हणतात या लोकांनी मालमत्ता आधी धरली आणि लेकरं नंतर, मोशेने ते सरळ करून दिलं. एवढ्याशा उलटापालटीत केवढं सांगून ठेवलंय बघा.

आणि त्यांनी शब्द पाळला. मनश्शेचा अर्धा वंशही पूर्वेलाच राहिला होता, तो धरून चाळीस हजारांच्या आसपास हत्यारबंद माणसं नदी उतरली असं यहोशवाच्या पुस्तकात आहे. म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन आधीच चढली होती तेच दुसऱ्याच्या जमिनीसाठी पुढच्या रांगेत.

मोशेने त्यांना अजून एक सांगितलं होतं, की एवढं केलंत तर तुम्ही देवापुढं आणि इस्राएलपुढं निर्मळ ठराल. दोघांपुढं, हे महत्त्वाचं. यावरून पुढं यहूदी धर्मशास्त्रात, मिश्नामध्ये, एक नियम आला की मंदिराच्या खजिन्यातून पैसे काढायला जो माणूस आत जातो त्याने दुमडीचा अंगरखा घालायचा नाही, पायात जोडा नाही, अंगावर ताईतसुद्धा नाही, म्हणजे कुठं नाणं लपवायला जागाच नको. तो पुढं श्रीमंत झाला तर लोक म्हणतील खजिन्यातून झाला. माणूस स्वतः कितीही प्रामाणिक असला तरी लोकांच्या मनात शंका येईल असं वागायचं नाही. जत्रेची वर्गणी सांभाळणाऱ्यांना हे वाचून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या दुखण्याकडं येते. लढाया संपल्या, वाटण्या झाल्या, पूर्वेकडचे वंश घरी निघाले आणि जाताना यार्देनच्या काठी त्यांनी एक भलीमोठी वेदी बांधली. पश्चिमेच्या भावांना वाटलं की हे आता वेगळा देव, वेगळा धर्म काढायलेत. सगळे शिलोला जमले, लढाईच्या तयारीने. पण हल्ला करायच्या आधी त्यांनी फिनहास नावाचा याजक आणि दहा वंशांचे दहा प्रमुख विचारायला पाठवले, आणि त्यांनी जाऊन काय म्हणावं, की तुमची तिकडची जमीन तुम्हाला अपवित्र वाटत असेल तर इकडं या, आमच्यात जमीन घ्या. अहो, भांडायला गेलेला माणूस स्वतःच्या वाट्यातून देऊ करतोय!

तेव्हा पलीकडच्यांनी खरं कारण सांगितलं. म्हणाले आम्हाला भीती वाटली की उद्या तुमची पोरं आमच्या पोरांना म्हणतील, तुमचा आमच्या देवाशी काय संबंध, मधी नदी आहे ना. म्हणून ही वेदी बांधली, होम-बलीसाठी नाही, फक्त साक्ष म्हणून, की आपण एकच आहोत. फिनहासला पटलं, बाकीच्यांनाही पटलं, आणि लढाईची गोष्टच निघाली नाही.

तर देणं लागत होते दादा, आणि नदी मधी असताना जास्त लागत होते. पण यात पलीकडच्यांनीही गप्प बसून चालवलं नव्हतं, आम्ही तुमचेच हे त्यांनी दिसेल असं करून ठेवलं. तुमच्या भावांना तुमच्या मनातलं माहितीय का? आईच्या औषधाचा एक महिन्याचा खर्च न विचारता पाठवून बघा, आणि पोळ्याला, दिवाळीला तुमची पोरं अलीकडं पाठवा, चुलत भावंडं एका ताटात जेवली पाहिजेत.

प्रश्न : बांध कोरणाऱ्याला त्यांच्याकडं काय शिक्षा होती? (एक वाचक, सेलू)

दंडाचा आकडा नाही, शाप आहे. सहा वंश गरिज्जीम डोंगरावर, सहा एबाल डोंगरावर उभे, लेवी मोठ्याने एकेक शाप वाचणार आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. त्यात शेजाऱ्याची हद्द सरकवणारा आहे, आणि त्याच्या लगोलग कोण तर आंधळ्याला वाट चुकवणारा, मग परक्याचा, पोरक्याचा, विधवेचा न्याय बिघडवणारा. धुरा कोरणारा कुठल्या माणसांच्या रांगेत बसवलाय बघा. मोजणी आणून खुणा गाडल्या तरी पावसाळ्यात परत नांगर घालणारे आपल्याकडं कमी नाहीत.

प्रश्न : लेवीच्या वंशाला जमीनच दिली नाही, हा अन्याय नाही का? (कॉलेजात शिकणारी वाचक, नांदेड)

प्रश्न बरोबर आहे. याकोबाने मरताना शिमोन आणि लेवी दोघांना सुनावलं होतं, कारण दोघांनी शखेम गावात रागाच्या भरात कत्तल केली होती, बाप म्हणाला मी यांना इस्राएलात पांगवून टाकीन. पुढं लेवी खरंच पांगला, पण शिक्षक आणि सेवक म्हणून. सगळ्या वंशांच्या भूमीत मिळून ४८ गावं त्यांना राहायला दिली, बाकीच्यांनी पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, आणि त्या दहाव्यातला दहावा लेवींनी परत याजकांना द्यायचा, म्हणजे घेणाऱ्यालाही देणं सुटलं नाही. त्या ४८ पैकी सहा गावं आसऱ्याची. कुणाच्या हातून चुकून माणूस मेला तर त्याने तिथं पळून जायचं, न्याय होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि हा आसरा परक्या माणसालाही होता. रागाने ज्यांचं नाव खराब झालं त्याच घराण्याकडं सूडापासून वाचवायची गावं आली, हे मला नेहमी विशेष वाटतं.

प्रश्न : मी दुकान बघतो, धाकटा पुण्यात एमपीएससी करतोय, चौथं वर्ष. दर महिन्याला पैसे मी पाठवतो. गावात त्याचंच कौतुक, मी नुसता दुकानदार. असं काही आहे का तुमच्या गोष्टीत? (एक वाचक, उदगीर)

आहे, अगदी हेच आहे. इस्साखार आणि जबुलून. परंपरा अशी सांगते की जबुलून समुद्रावर व्यापार करायचा, इस्साखार घरी बसून तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, शिकायचा, आणि जबुलूनची कमाई दोघांची. आता इस्साखार वयाने मोठा, अभ्यास पण त्याचा, पण मोशेने आशीर्वाद देताना आधी नाव कुणाचं घेतलं तर जबुलूनचं. राशी म्हणतात, कारण इस्साखारची विद्या जबुलूनमुळं उभी राहिली. यहूदी लोकांत आजही याच नावाने करार होतो, एकाने कमवायचं, दुसऱ्याने शिकायचं, पुण्य अर्धं अर्धं. पण तो करार आधी ठरवावा लागतो, नंतर हिशोब काढून पुण्य मागता येत नाही. म्हणून तुम्ही दोघं बसा आणि किती वर्षं, किती पैसे, पुढं काय, हे मोकळं बोलून घ्या. आणि त्याचं काही झालं तरी तुमचं कौतुक मी या पानावर आधी करते.

प्रश्न : माझ्या आजीला विचारायचंय की त्या लोकांत सरवा वेचू द्यायचे का. आजीने लहानपणी लई सरवा वेचलाय म्हणती. (नातीने लिहिलंय, जिंतूर)

आजीला माझा नमस्कार सांग. द्यायचे, आणि ती मेहेरबानी नव्हती, कायदा होता. शेत कापताना कोपरा सोडायचा, पडलेली कणसं उचलायची नाहीत, एखादी पेंढी रानात विसरली तर माघारी जाऊन आणायची नाही, ते सगळं गरिबाचं आणि परक्याचं. कोपरा किती, तर मिश्ना सांगते निदान साठावा हिस्सा. मालकाने उचलून हातात द्यायचं नाही, गरिबाने स्वतः येऊन आपल्या हाताने घ्यायचं, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही.

यहूदा वंशाच्या बेथलेहेम गावात रूथ नावाची विधवा सासूसोबत आली, ती मवाब देशाची, म्हणजे परकी आणि त्यातही नावडत्या देशातली. सातूच्या काढणीत ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. बवाजाने गड्यांना सांगून ठेवलं की तिला काही बोलू नका, उलट पेंढ्यांतून थोडं मुद्दाम पाडत चला. पुढं त्यांचं लग्न झालं आणि दावीद राजा तिचा पणतू. एवढ्या मोठ्या राजाच्या वंशावळीत सरवा वेचणारी परदेशी बाई आहे आणि यहूदी लोक ते लपवत नाहीत, शावुओतच्या सणाला मुद्दाम वाचतात.

आता आपल्याकडं सोयाबीन हार्वेस्टरने निघतं, मागं काय राहतं ते पण मालकच वेचून नेतो. आजीने कुणाच्या रानात वेचलं, कोण हाकलायचं, कोण बोलवायचं, ते तिच्या तोंडून लिहून घे आणि मला पाठव.

प्रश्न : हरवलेले दहा वंश कुठं गेले? कोकणातले यहूदी त्यातलेच का? (एक वाचक, जालना)

इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने उत्तरेचं राज्य बुडवलं आणि बरेच लोक उचलून दूर नेऊन बसवले, त्यांनाच हरवलेले दहा वंश म्हणतात. बऱ्याच समाजांनी नंतर आपलं नातं त्यांच्याशी सांगितलं. मणिपूर-मिझोरमचे बनेई मनश्शे स्वतःला मनश्शेचे म्हणतात, इस्राएलच्या मुख्य रब्बींपैकी एकांनी २००५ मध्ये ते मानलं. कोकणातले बेने इस्राएल सांगतात की आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात जोडपी वाचली. ती घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच, गावाच्या नावापुढं कर, आणि घरात मराठी. कुठला वंश हे माहीत नसताना, हातात ग्रंथ नसताना, शनिवार तेवढा त्यांनी सोडला नाही.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी. वडील गेले, भाऊ म्हणतोय हक्कसोडवर सह्या करा नाहीतर माहेर तुटलं समजा. गावातले म्हणायलेत कुठल्याच जुन्या धर्मात पोरीला जमीन नव्हती. खरंय का? (दोघी बहिणी, केज)

खरं नाही. मनश्शेच्या वंशात सलाफहाद नावाचा माणूस रानातच वारला, मुलगा नव्हता, पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. देशाची वाटणी व्हायच्या आधीच या पाच जणी मोशेपुढं, याजकापुढं, सगळ्या प्रमुखांपुढं आणि अख्ख्या जमावापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव त्याच्या कुळातून का पुसलं जावं? आम्हाला चुलत्यांच्या बरोबरीने जमीन द्या. मोशेकडं उत्तर नव्हतं. त्याने प्रश्न देवापुढं नेला आणि उत्तर आलं, या मुली बरोबर बोलतात. तिथून कायदा बदलला, मुलगा नसेल तर जमीन मुलीला. तालमूद या पाच जणींना शहाण्या म्हणतो, शास्त्र जाणणाऱ्या म्हणतो.

अर्धं सांगून थांबणार नाही. मुलगा असेल तर त्या कायद्यातही जमीन मुलालाच होती. आणि नंतर कुळातले पुरुष तक्रार घेऊन आले की या दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीन तिकडं जाईल, तेव्हा ठरलं की आपल्याच वंशात लग्न करायचं, त्यांनी चुलत भावांशी केलं. म्हणजे पूर्ण बरोबरी नव्हती. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत बायका उठून उभ्या राहतात, जमीन मागतात, त्यांची नावं एकेक करून लिहून ठेवली जातात आणि यहोशवाच्या पुस्तकात त्यांना ती जमीन मिळाल्याची नोंदही आहे, हे गावातल्यांना सांगा.

तुमचा कायदा तर त्यांच्यापेक्षा पुढं आहे. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो जात नाही.

माझ्या आत्याने असाच कागद केला होता. तिला वाचता येत नव्हतं, अंगठा दिला, साडी-चोळी घेतली आणि गेली. नवरा वारल्यावर ती त्याच भावांच्या दारात ज्वारी मागायला यायची, पोतं घेऊन ओसरीच्या खाली उभी राहायची, वर यायची नाही. मी तेव्हा शाळेत होते, मला तिची ती उभं राहायची जागा अजून दिसते.

सही करायची की नाही ते तुम्ही दोघी ठरवा, भावावर माया असेल आणि मनाने द्यायचं असेल तर तोही तुमचाच हक्क. पण रजिस्ट्री ऑफिसला जायच्या आधी कागद घरी मागून घ्या, तालुक्याच्या वकिलाला दाखवा, आणि जाल तेव्हा दोघी मिळून जा, त्या पाच जणी गेल्या तशा.